भूदेवीचा पट

"गणितात एम.एस्सी. केलीस ती लाकडाचे घोडे नाचवायला व्हय?" इरय्या हातमागावर बसल्या बसल्या लेकीवर ओरडला. त्यांची आमची भिंत एकच, ऐकू न येऊन कसं चालेल!

"नायना, घोडे तुमीच शिकवले की," भूदेवी म्हणाली. बापाला ती तेलुगूत नायना म्हणायची.

ते खरंच होतं. बापानं तिला घरच्या रीतीचं बुद्धिबळ शिकवलं होतं. त्यात शह लागायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. एकाहत्तर साली सांगलीच्या स्पर्धेत तिनं सवयीनं तीच उडी मारली. पंच म्हणाले, "इथं हे चालत नाही." पुरुष हसले, डाव गेला, आणि ती घरी येताच हे भांडण.

"लई हसं झालं. आता लगीन कर."

"नियम नवे हायत, डोकं तेच हाय. मी खेळणार."

मग ती नवे नियम शिकली. सकाळी कॉलेजात गणित शिकवायची, संध्याकाळी क्लबात सगळ्या पुरुषांत एकटी बसून त्यांना हरवायची. स्थळ आलं की आधी विचारायची, "खेळू देणार का?" पाहुणे चहा न पिताच उठायचे. तो चहा आम्ही शेजारणी प्यायचो, वाया कशाला घालवायचा!

अठ्ठ्याहत्तरला तिला मद्रासच्या मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं. निघायच्या सकाळी इरय्यानं विचारलं, "परत कधी येणार?"

"हरले की."

"आन् जिंकलीस तर?"

"तर उशिरा."

असं म्हणत तिनं रोजच्यासारख्या त्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, टोपली त्याच्या हाताशी ठेवली, आणि पेटी उचलून स्टेशनकडे निघाली.