जावयानं आवळलेला नळ

नळ दुरुस्त करणं आपलं काम नाही, हे कळायला मला अर्धं आयुष्य आणि अख्खी सासुरवाडी लागली.

माझी सासुरवाडी वालूरची. मी परभणीला एका कचेरीत दिवसभर कागदांवर शिक्के मारतो. त्यामुळे हातात पाना किंवा पेचकस आला की मला उगाच कर्तबगार झाल्यासारखं वाटतं. (बायकोला तसं कधीच वाटलेलं नाही.) वालूरच्या घरी ओट्यावरचा नळ गळायचा. फार नाही, नुसतं टप... टप... सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मामींनी, आवाज होऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला चिंधी बांधली होती. एकदा मी तो नळ पान्यानं कचकचून आवळला आणि टपटप थांबली. मामी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा, जावईबापूच्या हाताला कसा गुण हाय!"

संपलं! त्या एका वाक्यानं नळाचा घात केला.

मग मी जायचो, चहा प्यायचो आणि नळ आवळायचो. आठवडाभर तो गप्प बसायचा, पुन्हा गळायचा. पुढच्या खेपेला मी आणखी जोर लावायचो. नळ बंद करायला मामींना आता दोन्ही हात लागत, आणि उघडायला मामांना, म्हणजे सासऱ्यांना, हाक मारावी लागे. पण जावयाला बोलणार कोण?

बोलायची ती एकटी माझी मेहुणी, शीतल. शेती शिकलेली पोरगी, शेतातल्या ठिबकच्या नळ्या स्वतः जोडायची.

"दाजी, आतलं रबर झिजलंय. वायसर बदलायला झालंय. नुसतं आवळून काय व्हायलंय?"

"वर्षभर जातंय अजून," मी तज्ज्ञासारखा म्हणालो.

"आदी एका बोटानं बंद व्हायचा, आता दोन हात लागायलेत. अजून काय सांगावं त्या नळानं? बोलावं का तोंडानं?"

"तू तुझं ठिबकचं बघ. हा घरातला नळ हाय."

(हे वाक्य मी का म्हणालो, ते मला आजही माहीत नाही. पाणी काय शेतातलं वेगळं आणि घरातलं वेगळं असतं?)

अशात शीतलला पाहायला मानवतहून पाहुणे यायचं ठरलं. मुलगा गणेश, तिथल्याच जिनिंग कारखान्यात नोकरीला; वडिलांचं कापसाचं दुकान. आधीची स्थळं "कळवतो" म्हणून गेली होती आणि अजून कळवतच होती. त्यामुळे मामांच्या जिवाला घोर लागला होता. दारापुढं सडा झाला, सतरंजीवर नवी चादर आली, मामींनी कपाटातल्या बश्या काढल्या. मला खास निरोप होता, "जावईबापू घरात असले म्हंजी वजन पडतंय."

पाहुणे आले. समोरच्या खोलीत पाणी झालं, पाऊसपाणी झालं, कापसाचा भाव झाला. मी आत चक्कर मारली. कढईत पोह्यांच्या फोडणीचं तेल तापत होतं, शीतल मोरपंखी काठपदरात अवघडून उभी होती आणि नळ... टप... टप...

मला तो आवाज सहनच होईना. पाहुण्यांना काय वाटेल? ह्या घरात साधा नळ धड नाही, पोरगी काय धड असणार?

"अहो, आज त्याला हात लावू नका," बायको डोळे वटारून म्हणाली.

"दोन मिनटाचं काम हाय."

"दाजी, नका हं!" शीतल म्हणाली. "आटे गेलेत त्याचे."

मी पाना लावला. सगळी कर्तबगारी एकवटली आणि फिरवला.

कट्!

नळाचं डोकं आतल्या दांड्यासकट माझ्या हातात आलं आणि पाण्याची धार सरळ छताला जाऊन लागली! तिथून ती कढईत उतरली. तापल्या तेलानं असा काही चर्रर्र आवाज केला की बाहेर कापसाचा भाव थांबला. मी घाईनं तळहात लावला. पाणी वरचं बंद झालं आणि आडवं सुटलं, थेट मामींच्या तोंडावर! हात काढला, की छत. हात लावला, की मामी.

"छताकडंच राहू द्या!" मामी ओरडल्या.

ओट्यावर सोललेला बटाटा होता. मला वाटलं, बूच म्हणून बरोबर बसेल. बसलासुद्धा! क्षणभर सगळीकडं शांतता. मी विजयी नजरेनं बायकोकडं पाहिलं, आणि तेवढ्यात बटाटा तोफेच्या गोळ्यासारखा सुटला, भिंतीवर आपटला, उंबरा ओलांडून समोरच्या खोलीत गेला आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या पायापाशी जाऊन थांबला.

त्यांनी तो उचलला. नीट पाहिला. मग शांतपणे मामांना विचारलं, "बटाटा तर आला. पोहे कवा यायलेत?"

बटाट्यामागं पाणीही निघालं. नव्या चादरीची कड भिजली, चपला तरंगायच्या बेताला आल्या. गणेश उठला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या मागं सारत आत आला, दोरीवरचा पंचा ओढला, त्याचा बोळा केला आणि अंगठ्यानं भोकावर दाबून धरला.

"टाकीचा वॉल कुठं हाय?"

"वर, स्लॅबवर!" म्हणत शीतलनं पदर खोचला आणि जिन्यानं धावत सुटली. मी तिच्यामागं पाना घेऊन धावलो आणि चौथ्या पायरीवर ऐसपैस बसलो. (बसायचं ठरलं नव्हतं.) तिनं माझ्या हातातला पाना काढून घेतला, "दाजी, तुमी बसा" म्हणाली आणि वर गेली.

आणि मग आमच्या घरात मुलगा-मुलगीचं पहिलं बोलणं झालं. एक स्लॅबवर, दुसरा ओट्यापाशी, मधे जिन्यावर मी.

"थांबलं का?"

"न्हाई! उलटं फिरवायलात तुमी!"

"गंजलाय हो! जरा दम धरा!"

"धरलाय, पण बोट सुन्न पडायलंय!"

"आता?"

"कमी झालं! अजून थोडं! बस्स, बस्स! थांबलं!"

शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, आवड कशाची, असलं काहीसुद्धा कुणी विचारलं नाही.

शीतल खाली आली. साडी ओली, हात गंजानं तांबडे, गालावर काळा पट्टा. गणेशच्या शर्टावर हळद आणि मोहरी. मामींनी पदर तोंडाला लावला. "झालं! आता कुठलं जमायलंय!" त्या पुटपुटल्या. मामा खाली मान घालून उभे. आणि मी हातात नळाचं डोकं घेऊन असा उभा होतो, जणू ते पाहुण्यांना आहेर म्हणून द्यायचं आहे. पोरीचं जमता जमता मी मोडलं होतं.

मुलाची आई हळूच उठून दारात आली. ओट्याकडं पाहिलं, शीतलकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं.

"तसल्या साडीत वर चढलीस का गं?"

"हो," शीतल म्हणाली.

"आमच्या घरचाबी नळ कवाचा गळायलाय. मी वायसर बदला म्हणलं की हे म्हणतेत, आवळलं की थांबतंय." आणि त्यांनी मागं वळून नवऱ्याकडं असं पाहिलं की त्या गृहस्थांनी हातातला बटाटा मुकाट खाली ठेवला. "येऊ द्या हिला आमच्याकडं. लय गरज हाय."

खोलीत आधी गणेश हसला, मग सगळेच. मीही हसलो, पण जरा उशिरा.

हसणं ओसरल्यावर मामांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत नवंकोरं वायसर!

"हे कवा आणलं, बाबा?" शीतलनं विचारलं.

"लय दिस झाले. पण जावईबापू म्हणले, आवळू. मग जावयाला कसं म्हणावं, र्‍हाऊ द्या म्हणून?"

शीतलनं माझ्या हातातलं डोकं उलटं केलं. आतलं जुनं रबर बोट लावताच भिजल्या बिस्किटासारखं गळून पडलं. "आता ह्या वायसरचं काय करू? तवाच बदललं असतं तर नळ वाचला असता. आता नळच नवा आणा."

मामांनी नवा नळ आणला. बसवायला मला कुणी बोलावलं नाही.

लग्न थाटात झालं. शीतल मानवतला मजेत आहे, आणि तिच्या घरी काहीच गळत नाही.

मी अजूनही वालूरला जातो. पोचलो की मामी मला समोरच्या खोलीत बसवतात, पाणी हातात आणून देतात, हात धुवायला तांब्या-घंगाळसुद्धा खुर्चीपाशी येतं. उठायला लागलो की मामा-मामी दोघंही धावतात, "तुमी बसा, तुमी बसा!" शेजारच्या बायका खिडकीतून पाहून म्हणतात, "जावयाचा मान ठेवावा तर ह्यांनी! पाण्यालासुद्धा उठू देत न्हाईत!"

मी खाली मान घालून नम्रपणे हसतो. मानाचा विषय असला की मी खुलासे करत बसत नाही.