मावशीचं खमीर सातासमुद्रापार

"विमानाला किती वेळ लागतो गं?" मावशीने विचारलं.

"अंतर नऊ हजार किलोमीटर. हवेत अकरा तास," मी म्हणाले. "शिवाय मध्ये विमान बदलायचं, तिथे..."

पण ती ऐकायला होती कुठे! ती पीठ चाळायला उठलीसुद्धा.

मावशीची पावाची भट्टी आहे. सासूकडून आलेलं खमीर, म्हणजे पाव फुगवणारं आंबवलेलं पीठ, ती रोज ताजं पीठ आणि पाणी घालून जिवंत ठेवते. तिची मुलगी, माझी ताई, त्या दूरच्या शहरात पावाचं दुकान काढत होती. उद्घाटन दोन दिवसांवर आलं आणि तिचा पाव काही केल्या फुगेना. फोनवर ती रडली. पोरीने परदेशात दुकान काढायचं ठरवलं म्हणून वर्षभर फुरंगटलेली मावशी एका क्षणात म्हणाली, "खमीर घेऊन मी येते." सोबतीला माझी वर्णी लागली. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

निघताना मावशीने बरणीत दुप्पट पीठ आणि कोमट पाणी घातलं. "एवढा लांबचा प्रवास, उपाशी कसं पाठवू?" वर झाकण गच्च आवळून बरणी कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली आणि विमानतळावर ती बॅग सामानात दिली.

विमान उडालं तेव्हा तिने माझा हात असा दाबला की बोटं लाल झाली, आणि मग लहान मुलीसारखी खुदकन हसली. मधल्या विमानतळावर मात्र सात तास बसावं लागलं आणि तिचं हसू मावळलं.

"दुप्पट खाऊ घातलंय गं मी त्याला," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "एव्हाना झाकणाला टेकलं असेल."

पुढच्या विमानात समोरच्या पडद्यावर आमचं चिमुकलं विमान नकाशावरून मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. "हाक ना रे बाबा जरा!" मावशी पडद्यालाच दटावत होती. शेजारचे गृहस्थ दचकून जागे झाले. मी पोट धरून हसत होते, पण धाकधूक मलाही होतीच.

ताई न्यायला आली होती. मिठी मारायच्या आधी मावशीने तिथेच बॅग उघडली. झाकण उडालं होतं. सगळ्या कपड्यांवर वाळलेल्या पिठाचे पापुद्रे, आणि बरणी जवळजवळ रिकामी.

ताईने बरणी उजेडाकडे धरून पाहिली. "संपलं. उद्या दुकान कशाच्या जोरावर उघडू?"

मावशीने बरणीच्या तळाशी बोट फिरवलं, हुंगलं, आणि अख्खा विमानतळ वळून बघेल अशी ओरडली, "जिवंत आहे! चमचाभर पुरे!"

घरी पोचताच तिने तो चमचाभर ऐवज पीठ-पाण्यात कालवला. या वेळी बेतानेच. संध्याकाळी बुडबुडे दिसले तसं त्यातच पावाचं पीठ मळलं. सकाळी मी बघते तर पीठ फुगून परातीच्या काठावर आलेलं! मी आनंदाने किंचाळले. ताई धावत आली आणि आम्ही दोघी अक्षरशः नाचलो.

दुकान उघडलं. पहिला पाव मावशीने मोडला, घास चावला आणि लगेच दुसरा तोडला.

"आई, कसा झालाय?" ताईचा जीव टांगणीला लागला होता.

"माझ्यापेक्षा चांगला," मावशी म्हणाली. "इथलं पाणी मानवलंय त्याला." तिने ताईच्या गालावरचं पीठ पुसलं. "तुलाही मानवलंय. राहा तू इथेच."