वेशीबाहेरचा मार

मला पहिल्यांदा मारलं ते पाठीत. कुऱ्हाड मणक्यात घुसली, पडदा लाल झाला आणि माझा दाढीवाला गडी तोंडावर आपटला. वळून बघायच्या आत दुसऱ्याने त्याच्या मानेवर घाव घातला. तिसरा आला, प्रेताच्या पायांतले बूट काढून घेतले आणि चालता झाला. मग हेडफोनमधून पाच-सहा जणांचं खिदळणं ऐकू आलं.

हे घडलं बुऱ्हाणपुरात, माझ्या वडिलांच्या केळीच्या ऑफिसात, भर दुपारी. आमचा जिल्हा खंडव्यापासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावात ब्रॉडबँड नवं होतं. वडील केळीचे आडते. शाहपूर, बहादरपुरच्या बागांतून माल घ्यायचा, ट्रक भरून बाहेर पाठवायचा, हा धंदा. घराच्या खालच्या मजल्यावर ऑफिस आणि त्याच्या मागे वखार, म्हणजे केळी पिकवायची खोली. बाहेरचे भाव कळावेत म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता. दुपारी ते बागांत असायचे, मुनीमजी जेवायला घरी जायचे, आणि फोन वाजला तर उचलायला म्हणून मला तिथे बसवलेलं असायचं. मी तेव्हा बी.कॉम.ला होते. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या आतेभावाने त्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. हजारो माणसं एकाच वेळी खेळतात तसला. आपण एक माणूस घडवायचा आणि त्या जगात सोडायचा. मी रुंद छातीचा, कमरेपर्यंत दाढी असलेला एक कुऱ्हाडवाला घडवला. मुलगी घडवायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्या जगात नवख्यांचं एक गाव होतं. गावात कुणी कुणाला हात लावू शकत नसे. वेशीच्या बाहेर पाऊल टाकलं की संपलं, कुणीही मारावं. मेलात की तुम्ही पुन्हा गावच्या देवळात उठायचात, पण अंगावरचं सामान मेल्या जागीच पडून राहायचं. आणि वेशीबाहेर बुऱ्हाणपूरच्या पोरांची टोळी दबा धरून बसलेली असायची. कुणी सायबर कॅफेतून, कुणी घरून खेळायचं. एक जण चांदनी गावचा होता. तिथे वारा सुटला की त्याची लाइन जायची आणि त्याचा योद्धा लढाईच्या मधोमध पुतळा होऊन उभा राहायचा. मेलेल्याचे बूट काढून नेणारा तो हाच. त्याच्याकडे बुटांचा ढीग होता.

म्होरक्याला सगळे उस्ताद म्हणायचे. तो वयाने मोठा असावा. आवाज खरखरीत, आणि तो बोलला की मागे पॉवरलूमची खटखट ऐकू यायची. तो यंत्रं दुरुस्त करायचा की चालवायचा, मला कधी कळलं नाही.

त्या टोळीची एक रीत होती. तिला ते सलामी म्हणायचे. आपल्या भागातला कुणी नवखा दिसला की त्याने हत्यार गावात ठेवून, नुसती ढाल घेऊन वेशीबाहेर यायचं आणि जुन्यांनी त्याला एकेक करून मारायचं. नुसतं मारायचं नाही, चेचायचं. भाल्याने झाडाला टोचून ठेवायचं, पाय तोडून सरपटायला लावायचं, नदीत बुडवायचं. बहुतेक जण आईबहिणीवरून शिव्या देऊन गेम सोडून जायचे. जो दुसऱ्या दिवशी पुन्हा वेशीवर दिसायचा त्याला पुन्हा मारायचं. असं होता होता एक दिवस उस्ताद मारल्यावर थांबायचा आणि त्या प्रेताला पहिला प्रश्न विचारायचा, "अबे, ढाल खाली काबरं होती?"

हा प्रश्न आला की समजायचं, आता हा शिकवणार. पण त्याचं शिकवणंही मारूनच. ढाल खाली गेली की मान उडायची. डावीकडे वळायला उशीर झाला की बरगडीत सुरा. त्याने कधी कुणाला शाबासकी दिली नाही. जेव्हा मारायला त्याला जास्त वेळ लागायला लागायचा तेव्हा आपण ओळखायचं की आपण सुधारलो.

मी रोज गेले. रोज मेले. का, ते आता सांगते; मला ते तेव्हाही स्वच्छ कळत होतं. मी घरात एकुलती एक. मला कुणी आयुष्यात चापट मारलेली नव्हती, आणि तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. माझ्याशी कुणी धड भांडायचंही नाही. ट्रक भरताना केळीचा घड उचलायला गेले की चारजण धावायचे, "राहू द्या ताई, लागेल." कॉलेजात सरांशी हिशेबाच्या रीतीवरून वाद घातला तर सर हसले आणि "बरं बाई, तुझंच खरं" म्हणून मोकळे झाले. मला इतका संताप आला की मी बाकावर मूठ आपटली, आणि ते बघून वर्गही कौतुकाने हसला. राग माझ्यात जन्मापासून भरपूर आहे. तो कुणावर काढायचा म्हटलं तर समोरचा माणूस उभाच राहत नसे.

वेशीबाहेर मात्र ते उभे राहायचे. माझ्या गड्याचं डोकं फोडताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. मला मारायला ते पळत यायचे. किती बरं वाटायचं, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मी टोळीत आले. हेडफोनला दोन पिना होत्या, एक ऐकायची आणि एक गुलाबी, बोलायची. गुलाबी पिन मी कधी लावलीच नाही. त्यांचं सगळं ऐकायचं आणि उत्तर टाइप करायचं. ते मला मुका म्हणायला लागले. "मुक्या, मागून घुस." "मुक्या, त्या साल्याचा पाय धर." मी घुसायचे. दुसऱ्या एका टोळीशी आमचं वैर होतं. त्यांना आम्ही एकदा पुलावर कोंडलं. मी पुलाच्या तोंडाशी उभी राहून समोर येईल त्याला तोडत गेले. छाती, खांदा, तोंड, जिथे पडेल तिथे. पुलाच्या फळ्या लाल झाल्या, माझी ढाल चिरली, हाताला कुऱ्हाडीची सवय झाली तशी मी ओरडायला लागले आणि ऑफिसच्या टेबलावर एवढ्या जोराने मूठ हाणली की वरची काच तडकली. वडिलांना सांगितलं, तराजूचं वजन पडलं.

त्या दिवशी उस्ताद एवढंच म्हणाला, "मुका खतरनाक आहे बे." मी आठवडाभर हवेत होते.

मग गडबड झाली. आमच्यातला एक जण त्या दुसऱ्या टोळीचा खबरी निघाला. तोही माइकवर बोलायचा नाही. त्याला हाकलल्यावर उस्तादने सगळ्यांना बजावलं की आजपासून मुकेपणा बंद. टोळीत राहायचं त्याने उस्तादशी एकट्याने लढायचं आणि लढता लढता त्याला तोंडाने सणसणीत शिवी हासडायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. खबऱ्याला शिवी देताना घशात कापूस अडकतो, असं त्याचं म्हणणं. माझी पाळी उद्या दुपारी होती. नाही बोलले तर बाहेर.

मी वखारीत गेले. तिथल्या भिंती जाड, दार बंद केलं की आवाज बाहेर जात नाही. केळीच्या लोंगरांमध्ये, त्या भल्यामोठ्या घडांमध्ये उभी राहून मी आवाज खाली ओढून शिव्यांची तालीम केली. रस्त्यावर, कॉलेजच्या फाटकापाशी ऐकलेल्या, पोरं देतात त्या. तोंडातून काढताना पहिल्यांदा कानशिलं तापली. नंतर जमलं. आवाजही बरा जाड निघायला लागला, नुकता घसा फुटलेल्या पोरासारखा. चालून जाईल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी गुलाबी पिन लावली. वेशीबाहेर सगळे कडं करून उभे होते. उस्ताद त्याची ती काळी तलवार घेऊन आला. ती त्याने दोन वर्षं खपून घडवलेली होती. तिचं पातं आणायला तो कुठल्याशा बर्फाच्या डोंगरात किती वेळा मेला होता, याच्या गोष्टी टोळीत सांगितल्या जायच्या. त्याने सुरुवातच माझ्या गुडघ्यावर केली. मी उलटून त्याच्या दंडावर घाव घातला. तो हसला. "बोल ना बे मुक्या. तोंडात दही जमलं का?" पुन्हा गुडघा. मी त्याची ढाल फोडली. त्याने माझा डावा हात निकामी केला आणि त्याच हातावर मारत राहिला, पुन्हा पुन्हा, मुद्दाम, मला चिडवत. माझं डोकं फिरलं. वखारीतली तालीम, जाड आवाज, सगळं विसरून मी किंचाळले,

"मेल्या! तुझं मढं निघो!"

ही शिवी कुठलाच पोरगा देत नाही. ही आमच्या बागांतल्या बाया देतात, आमची आई देते, गल्लीतल्या सगळ्या देतात. आवाज एकवेळ खपला असता. 'मेल्या' खपण्यासारखं नव्हतं.

पॉवरलूमची खटखट तेवढी चालू होती. मग चांदनीवाला हळूच म्हणाला, "उस्ताद, ही तं ताई हाये."

उस्तादची तलवार खाली आली. माझा गडी अर्धमेला समोर उभा होता, एक घाव घातला असता तर पडला असता. त्याने घातला नाही. म्हणाला, "माफ करा ताई. मालूम नव्हतं."

त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला सांभाळायला सुरुवात केली. "ताई, तुम्ही मागं राहा." "ताईसमोर गाली नको देऊ बे." लढाईत माझ्या चारी बाजूंनी दोघं-तिघं ढाली धरून चालायचे. मला काही टोचायचं नाही, काही लागायचं नाही. सरावाला कुणी माझ्याशी लढेना. मी समोर गेले की तलवारी म्यान. एक दिवस चांदनीवाला आला आणि माझ्या पायांशी बूट ठेवून गेला. पहिल्या दिवशी माझ्या प्रेताचे काढून नेले होते तेच. मी ते बूट बघितले आणि मला रडू फुटलं. इथेही चार हात धावून आले होते.

मी उस्तादला वेशीबाहेर बोलावलं. टोळीही आली. मी माइकवर म्हणाले, "तलवार काढा. अर्धी राहिलेली लढाई पुरी करू."

"नाही ताई. बहिणीवर हात नाही उचलत आपण."

मी त्याला मारलं. तो उभा राहिला आणि पडला. देवळातून उठून परत आला, मी पुन्हा मारलं. मानेत, पोटात, तोंडावर. तो ढालसुद्धा उचलेना. पुतळा तोडावा तसं मी त्याला तोडत होते आणि तो दर वेळी निमूट येऊन उभा राहायचा. मधे पडायला आलेल्या दोघांना मी कापलं. त्यांनीही मार खाल्ला फक्त. मी ओरडत होते, "मारा ना! पहिल्या दिवशी पाठीत मारलंत ना? तेव्हा मी कोण होते? मीच होते की!"

"ताई, समजून घ्या," तो म्हणाला.

"नाही घेत समजून!"

त्याच्या प्रेतापाशी काळी तलवार पडली होती. ती मी उचलली आणि नदीकडे धावले. त्या नदीत पडलेली वस्तू परत मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काठावर उभी राहून मी तलवार पाण्यावर धरली. खरंच टाकणार होते. मला त्यांच्या जगात जागा नसेल तर त्याची तलवारही नको, एवढंच डोक्यात होतं. मागे पॉवरलूमची खटखट एकदम थांबली. त्याने यंत्र बंद केलं असावं.

"ठेव ती," उस्ताद म्हणाला. 'ठेवा' नाही.

मी हात आणखी पुढे केला.

तो पळत आला. वाटेत कुणाचीतरी कुऱ्हाड हिसकली आणि सगळा जोर लावून माझ्या खांद्यात हाणली. मी वळले, तलवार चालवली, त्याच्या बरगड्या चिरल्या. त्याने माझं तोंड फोडलं. मी त्याच्या मांडीत पातं घुसवलं, त्याने मला केसांना धरून चिखलात ओढलं आणि कुऱ्हाड वर उचलून, घसा फाडून, सगळ्या टोळीला ऐकू जाईल असा ओरडला,

"मेल्या! तुझं मढं निघो!"

आणि माझी मान उडवली.

पडदा लाल झाला. ऑफिसात मी खुर्चीवर हुंदके देत हसत होते. वरून आईने हाक मारली, "कोनावर वरडू राह्यली व?" मी म्हटलं, "कुणावर नाही, गेम आहे." कानात उस्ताद धापा टाकत होता. धाप ओसरल्यावर त्याने खाकरून घसा साफ केला.

"अबे मुक्या," तो म्हणाला, "ढाल खाली काबरं होती?"

पडद्यावर चांदनीवाला वाकून माझ्या प्रेताचे बूट काढत होता.