पलिस्तर एकालाच का

डिशची छत्री वानरानं फिरवली आणि आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, टीव्ही बंद पडला. माणूस बोलवू, असं मी म्हणत होते. पण नवऱ्यानं शिडी काढलीसुद्धा. तो जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात कामाला. आठवडाभर तिकडंच खोली करून राहायचा आणि रविवारी जाफराबादला घरी यायचा. रविवारी आपल्या हातून घरातलं काहीतरी दुरुस्त व्हावं, असं त्याला फार वाटतं. कधीकधी होतंही.

त्या रविवारी झालं. त्यानं छत्री बराबर फिरवली, आतून आत्याबाई ओरडल्या, "आलं रे, चित्र आलं!" आणि त्या आनंदात तो वळला तशी शिडी सरकली. मी स्वयंपाकघरातून धावत आले, तर हा अंगणातल्या फरशीवर पाय धरून बसलेला. चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा अपमान जास्त.

"असा कसा पडला रे?" आत्याबाई.

"मी कुठं पडलो? शिडी सरकली."

टाचेचं हाड चिरलं होतं. पलिस्तर घालून घरी आणला तेव्हा तो कुणाशी बोलेना. एवढा मोठा माणूस धपकन पडला आणि गल्लीनं पाहिलं, हे त्याला लागलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि तेव्हा दहावीला गुरुत्वाकर्षण चाललं होतं. त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "तुम्ही एकटेच नाही पडलात. पृथ्वीनं तुम्हाला जेवढ्या जोरानं खाली ओढलं, तेवढ्याच जोरानं तुम्ही तिला वर ओढलं. तीसुद्धा तुमच्याकडं निघाली होती."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "खरं म्हणतेस?"

"बिलकुल खरं. मुलींना कालच शिकवलं."

"मंग किती आली वर?"

इथं मी जरा अडखळले. "ती फार जड ना, म्हणून फार थोडी. अणूच्या आतलं केंद्रक असतं, त्याच्याहीपेक्षा कितीतरी कमी."

"म्हंजे आलीच न्हाई."

"आली. पण थोडी."

आत्याबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "दोघं एकमेकाकडं आले म्हंतेस, तर पलिस्तर यालाच का? जमिनीला पण घाला की थोडं."

आम्ही दोघी हसलो. तो हसला नाही, पण ते वाक्य त्यानं जपून ठेवलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू बघायला आल्या आणि "कसे काय पडलात?" म्हणाल्या, तेव्हा तो उशीला टेकून थाटात म्हणाला, "पडलो न्हाई काकू, टक्कर झाली. मी खाली येऊन राह्यलो होतो, जमीन वर येऊन राह्यली होती."

"अगं बाई! मंग चूक कुणाची?"

"दोघांची."

काकू अंगणात जाऊन फरशी निरखून आल्या. एका फरशीला तडा होता. "आली असंल बरं का," त्या गंभीरपणे म्हणाल्या. तो तडा फरशी बसवली तेव्हापासूनचा होता. त्यानंतर जो येई त्याला ही टक्कर ऐकावी लागे, आणि प्रत्येक वेळी जमीन थोडी जास्तच वर येई. मी केंद्रकाची आठवण करून दिली की म्हणायचा, "तू तिथं होतीस का?"

एका दुपारी तो झोपलेला असताना आत्याबाई माझ्याशेजारी मेथी निवडायला बसल्या. जरा वेळानं हळूच म्हणाल्या, "ते जमिनीचं तू खरंच म्हणत होतीस?"

"खरंच. प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते. तुम्ही नुसत्या बसलात तरी तुमचंही ओढणं चालूच असतं."

"माझं? मी एवढीशी!"

"एवढ्याशाचंही असतं."

त्यांनी काही काड्या मोडल्या. "माझं वढणं काही कामाचं न्हाई मंग. पोरगा जालन्याहून आठवड्याला एकदा येतो. हाड मोडलं तवा कुठं घरात टिकला."

आतल्या खोलीतलं घोरणं थांबल्यासारखं वाटलं, पण मी उठून बघितलं नाही.

पलिस्तर निघालं. आता रविवारी संध्याकाळी पिशवी भरून हा परत खोलीवर जाणार, हे आम्ही दोघींनी धरूनच ठेवलं होतं. तर यानं जालन्यातली खोली सोडून दिली. म्हणाला, आता रोज जाऊन-येऊन करणार. सकाळी अंधारात निघतो, संध्याकाळच्या एसटीनं परततो, धुळीनं माखून आणि चिडचिडा होऊन.

"एवढी दगदग कशाला रे?" आत्याबाईंनी विचारलं.

"डॉक्टरनी सांगितलंय. टाचेला रोज संध्याकाळी कोमट तेल लावायला पाहिजे. खोलीवर कोण लावणार?"

डॉक्टर बोलत होते तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होते. तेलाचं नावही त्यांनी काढलं नव्हतं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी खाली बघून कणीक मळत राहिले. त्यांनी तेलाची वाटी चुलीवर ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, "पाय धुऊन ये आधी."