दादाने निवडलेला फॉरमॅट

दादाला जाऊन दीड महिना झाला. अमरावतीच्या त्याच्या ऑफिसातला जो भेटतो, तो एक किस्सा हातात देऊन जातो. माझे स्वतःचे वेगळेच. आठवीत शाळा सोडली मी, पण हे लिहून काढले नाहीत तर डोकं फुटेल!

दादा ठिबकच्या पाण्याचं सॉफ्टवेअर बनवायचा. त्याचं माहितीपुस्तक कोणत्या फॉरमॅटमध्ये लिहायचं, म्हणजे शीर्षक कुठलं, ठळक काय, याच्या खुणा कॉम्प्युटरसाठी कशा करायच्या, यावर ऑफिसात भांडण. शेवटी दादाचा फॉरमॅट ठरला. दादा गेल्यावर साहेबांना तो बदलायचा होता. मी बदलू देणार नव्हतो.

*

सगळ्यात पहिलं पुस्तक साहेबांनी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं होतं. हिवरखेडच्या एका शेतकऱ्याने मोबाईलवर उघडलं, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! त्याचा फोन आला, “साहेब, पुस्तक लय भारी हाय. फक्त भाषा कोनती, तेवढं सांगा!”

*

मग एका रविवारी दादा अकोल्याजवळच्या आमच्या मळ्यात लॅपटॉप घेऊन आला. मी वांगी तोडत होतो. एकच पान त्याने तीन फॉरमॅटमध्ये दाखवलं.

पहिल्यात जिकडेतिकडे टोकदार कंस. “दादा, हे काय, तारेचं कुंपन?”

दुसऱ्यात तिरप्या रेघा. “एवढं तन! यात तं निंदन करावं लागते!”

तिसऱ्यात शीर्षकाआधी एक हॅश (#), ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या (**). मी सरळ वाचत गेलो. “हे तं कोनी चिठ्ठी लिहिल्यासारखं हाय.”

सोमवारी दादाने मीटिंगमध्ये मोठ्या अक्षरात दाखवलं, ‘नापसंतीचं कारण : तारेचं कुंपण.’

*

ऑफिसातल्या वैशाली मॅडम चिडल्या. “तुमच्या भावाच्या डोक्याने फॉरमॅट ठरवायचा का?”

दादा म्हणाला, “मॅडम, शेतातली मोटर त्याच्याच डोक्याने सुरू होणार आहे!”

*

मॅडमने परीक्षाच लावली. मला अमरावतीला बोलावलं, एक चूक दुरुस्त करायला सांगितली. सगळे बघत होते. मी घाईत काहीतरी दाबलं आणि अख्खं पान गायब!

“गेलं ना!” मॅडम म्हणाल्या.

दादाने जुनी प्रत परत आणायची एक ओळ टाइप केली. पान परत. “लेका, अजून एकदा उडव,” तो मला म्हणाला, “मॅडमले भरवसा येऊ दे!”

*

गेल्या आठवड्यात फॉरमॅट बदलायची मीटिंग होती. मी न बोलावता गेलो, भांडायलाच.

पुस्तकाखाली ‘दुरुस्ती सुचवा’ असं बटण आहे; दादाच्या फॉरमॅटमुळे कोणीही त्यातून दुरुस्ती पाठवू शकतो. मॅडम म्हणाल्या, “साहेब, आधी सकाळी आलेली ही दुरुस्ती बघा.” हिवरखेडच्या एका भाजी पिकवणाऱ्या काकूंनी मोबाईलवरून पाठवली होती. शेवटच्या पानावर ‘अडलं तर फोन करा’ याखाली दादाचा नंबर होता. काकूंनी तो खोडून आपला टाकला होता. शेजारी लिहिलं होतं, “दादा आता नाहीत. मले फोन करा.”

साहेबांनी समोरची फाइल मिटली. “राहू द्या आहे तसंच.”

मॅडमने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. दादाचा खोडलेला नंबर लाल झाला होता. ‘मंजूर’ मी दाबलं.

बाहेर येऊन नव्या नंबरवर फोन लावला. मला बोलताच येईना.

“बोल ना बाप्पा,” काकू म्हणाल्या, “कुठी अडलं? मी हाय लाइनवर.”