सोजरबाईची चक्की आणि दिराचा ब्रेकर

रिठदच्या सोजरबाईशी कुणी गोड बोललं की तिला आधी संशय यायचा. नवरा गेल्यावर त्याची पिठाची चक्की तिनं स्वतः चालवायला घेतली, त्याआधीच तिचा हा स्वभाव पक्का झाला होता. शेजारच्याच खोलीत धाकटा दीर इंद्रभान वेल्डिंगचं दुकान चालवायचा. मधली भिंत सामाईक होती, बाकी काही नाही. चक्कीची खोलीही आपल्याला मिळावी, असं त्यानं भावाच्या तेराव्यालाच बोलून दाखवलं होतं. तिनं साफ नकार दिला.

चक्कीची वायरिंग जुनी झाली, तेव्हा इंद्रभान आपणहून आला. "बाहेरचा मानूस कायले आनता, वयनी? मी लावून देतो," म्हणाला. सोजरबाईला ते खटकलं, पण काम अडलं होतं. त्यानं नवा बोर्ड बसवला, ब्रेकर लावला आणि गेला.

त्या दिवसापासून चक्कीला जणू नजर लागली. स्टार्टरचं बटण दाबलं की मोटर एकदा घुरघुरायची आणि खटकन ब्रेकर पडायचा. चार-पाच वेळा उचलावा तेव्हा कुठं एकदा टिकायचा. ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बाया ताटकळायच्या आणि मग दुसऱ्या चक्कीची वाट धरायच्या.

"दाने टाकून मोटर चालू करत असान," इंद्रभान दारातून सगळ्यांसमोर म्हणाला. "चक्की चालवनं बाईचं काम नोय."

"रिकामीच चालू करतो मी," सोजरबाई म्हणाली. "तुमी ब्रेकर पाहा."

त्यानं तो ब्रेकर काढून तिच्यासमोर टाकला आणि त्याच्या जागी चौपट अँपिअरचा बसवला. आता ब्रेकर पडेना. पण दुपारी सोजरबाईला कसलासा जळका वास आला. बोर्डाकडे जाणाऱ्या वायरीला हात लावला तर ती तापून मऊ पडलेली. तिनं तडक चक्की बंद केली.

"ब्रेकर पडते का आता?" इंद्रभाननं विचारलं. "मंग? जमत नसन तं सोडून द्या."

सोजरबाईनं काढलेला ब्रेकर पिशवीत टाकला आणि रिसोडची गाडी पकडली.

विजेच्या सामानाच्या दुकानात योगिनी नावाची बाई बसलेली होती, बोलायला सोजरबाईसारखीच तुटक. तिनं ब्रेकर उलटसुलट करून पाहिला.

"मोटर किती हॉर्सपॉवरची?"

"साडेसात."

"अन् हा इंग्रजी बी टाइपचा लावला? हा घरच्या लाइटाले लावतात. मोटर चालू होतानी घडीभर सहा-सात पट करंट वढते, मंग आपल्या जागेवर येते. बी टाइपले वाटते शॉर्ट झाला, म्हनून तो पडते. अँपिअरचा आकडा तोच ठेवा, डी टाइपचा घ्या. तो येवढा झटका सोसते."

"दिरानं मोठा आकडा लावला. वायर गरम झाली."

"होनारच. ब्रेकर वायरीले वाचवाले असते. वायर बारीक अन् आकडा मोठा, मंग आधी वायर जळते. काय करते तुमचा दीर?"

"वेल्डिंग."

योगिनीनं ब्रेकर टेबलावर ठेवला. "त्याचं मशीनबी चालू होतानी असाच झटका मारते. त्याले हे ठाऊक नाही असं होत नाही. त्याच्या बोर्डावर कोन्तं अक्षर हाये ते पाहा."

सोजरबाई परतली ती थेट इंद्रभानच्या दुकानात शिरली. तो गेटचा गज कापत होता. तिनं बोर्डाचं झाकण उघडलं. ब्रेकरवर आकड्याच्या आधी डी अक्षर होतं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण योगिनीनं अक्षर कागदावर काढून दिलं होतं. तिनं कागद शेजारी धरून पाहिला.

"इंद्रभान," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. "तुह्या मशीनले हा, अन् माह्या मोटरले घरचा?"

त्यानं मशीन बंद केलं.

"जागा माह्या बापाची हाये," तो म्हणाला. "तुमी कटाळून गेल्या असत्या तं सगळ्यायचं भलं झालं असतं."

"वायर पेटली असती तं?"

"तुमी बंद केली ना?"

तिचा हात शिवशिवला. पण तिथं उभी राहिले तर गज उचलेन, हे तिला कळत होतं. ती बाहेर पडली.

योगिनीनं पाठवलेल्या रामसिंग वायरमननं डी टाइपचा ब्रेकर बसवला आणि भाजलेली वायर काढून जाड वायर ओढली. "खरा शॉर्ट झाला तं हा ब्रेकर जरा उशिरा हालते, अर्थिंग पक्की पायजे," म्हणत त्यानं अर्थिंगही नीट करून दिली. सोजरबाईनं बटण दाबलं. मोटर एकदा दचकली आणि वेगात फिरू लागली. ब्रेकर जागचा हलला नाही. भिंतीपलीकडून इंद्रभाननं लोखंडावर हातोडा आपटला, मग आपटतच राहिला.

महिनाभरात गेलेल्या बाया परत आल्या. इंद्रभानची बायको राखीही मान खाली घालून ज्वारीचा डबा ठेवून गेली. सोजरबाईनं तो नंबरानं दळला. एका अक्षरानंही तिला टोचलं नाही.

संध्याकाळी डबा न्यायला इंद्रभान आला. त्यानं हात पुढे केला.

"राखीले पाठव," सोजरबाई म्हणाली. "तुह्या हातात मी काईच देनार नाही."

तो थुंकून गेला. तिनं ओट्यावरचं पीठ झाडलं आणि पुढचा डबा ओढला.