थेंबवाल्या मावशी

अंधेरीच्या त्या दवाखान्यात फक्त लहान मुलांचे डोळे तपासतात. तिथं येणारी पोरं डॉक्टरांना घाबरत नाहीत. नमिता मॅडम समोरच्या भिंतीवर कार्टून लावून देतात, बोलता बोलता डोळ्यात बॅटरी मारतात आणि शेवटी हातावर एक स्टिकर चिकटवतात. पोरं घाबरतात ती रत्नप्रभाला. बाहुली मोठी झाल्याशिवाय डोळ्याच्या आतला पडदा दिसत नाही, आणि बाहुली मोठी करणारे चरचरीत थेंब घालायचं काम गेली एकोणीस वर्षं तिच्याकडे आहे. एकदा येऊन गेलेलं मूल तिला दारातूनच ओळखतं आणि आईच्या ओढणीत तोंड खुपसतं.

खरं तर तिचा हात हलका. मुलाला आडवं निजवायचं, डोळे मिटायला सांगायचे, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग म्हणायचं, "आता उघड बघू, छतावर पंखा किती पात्यांचा आहे?" मूल डोळे उघडतं, थेंब आपोआप आत जातो. पण चरचरायचं ते चरचरतंच. मग रडणं, हातपाय झाडणं, "घाणेरडी मावशी!" आया ओशाळून हसत. रत्नप्रभाही हसे. पाऊण तासानं तेच मूल मॅडमच्या खोलीतून स्टिकर मिरवत बाहेर येई आणि तिच्यासमोरून पळत जाई.

ती राहायची जोगेश्वरी पूर्वेला, चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. आई लवकर गेली. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी, दत्तारामांनी, वॉचमनची नोकरी धरली आणि पुढं अंथरूण धरलं. त्यांचं करता करता तिचं लग्न राहूनच गेलं. कुणी तसं ठरवलं होतं असं नाही. मग दत्तारामही गेले. भाऊ नंदकुमार कणकवलीला, त्याचा फोन गणपतीच्या आधी येई. पन्नाशीला टेकलेली रत्नप्रभा घरी आली की आधी टीव्ही लावायची. बघायला नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून.

शेजारच्या खोलीत जयंतीकाकी, त्यांचा मुलगा नितेश, सून अक्षता आणि तेव्हा वर्षाची असलेली नात श्रुतिका. पाण्याच्या वेळी अक्षता पोरीला उचलून थेट रत्नप्रभाच्या मांडीवर आणून ठेवी. "रत्नाताई, दहा मिनिटं सांभाळा ना." ती दहा मिनिटं तासभर चालत. श्रुतिका तिची वेणी ओढे, चष्मा खेचे. रत्नप्रभाला बघून न रडणारं हे जगातलं एकच मूल होतं.

पहिल्या वाढदिवसाचे फोटो अक्षतानं मोबाइलवर पाठवले. रत्नप्रभा जेवता जेवता एकेक बघत होती. केक, टोपी, काकींच्या कडेवर श्रुतिका. तिचा घास हातातच राहिला. फ्लॅशमध्ये पोरीचा उजवा डोळा लाल दिसत होता, तसा सगळ्यांचाच दिसतो. डावा मात्र पांढरा होता. पुढच्या फोटोत पांढरा, त्याच्या पुढच्यातही.

दुसऱ्या दिवशी तिनं ते फोटो मॅडमना दाखवले. मॅडमनी विचारलं, "कोणाची मुलगी?"

"शेजारची."

"उद्याच आण. 'बघू, करू' म्हणत बसू नको, रत्ना. उद्याच."

संध्याकाळी ती शेजारी गेली. दाराशी जयंतीकाकी तांदूळ निवडत बसल्या होत्या, अक्षता ओट्याशी होती. कसं सांगायचं हे रत्नप्रभानं वाटभर मनात घोळवलं होतं; तोंडातून मात्र सरळच बाहेर पडलं. "काकी, श्रुतिकाच्या डाव्या डोळ्यात काहीतरी आहे. मॅडमना दाखवूया."

"काय्येक नाय तिका," काकी म्हणाल्या. "डोळो घारो आसा. मांजरासारखो चमकता, लक्ष्मी आसा ती."

"घारा नाही काकी. आत पांढरं दिसतंय. कधीकधी आत गाठ असते."

काकींनी सूप बाजूला ठेवलं. "तुका स्वतःचा प्वार नाय, म्हणान दुसऱ्याच्या पोरात खोट शोधतंस?"

अक्षता ओट्याशी तशीच उभी राहिली. तिनं मागं वळून बघितलं नाही. रत्नप्रभा घरी आली. त्या दिवशी टीव्ही लावायचं सुचलं नाही. भिंतीपलीकडे काकी कडाकडा बोटं मोडून पोरीची दृष्ट काढत होत्या, ते तिला स्पष्ट ऐकू आलं. कोणाची दृष्ट, हे वेगळं सांगायला नको होतं.

दोन दिवस शेजारचं दार बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि मरोळला नितेशच्या कुरिअरच्या गोदामाबाहेर जाऊन उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला.

"रत्नाताई, तुम्ही इथे?"

तिनं फोटो दाखवले. मोठे करून, एकेक. तो बराच वेळ बघत राहिला. "पण आई म्हणते की..."

"काकी काय म्हणतात ते मी ऐकलंय. त्यांनी मला पुन्हा दारात उभी नाही केली तरी चालेल. तू उद्या अकराला पोरीला घेऊन ये. काही नसलं तर मला शिव्या घाल."

नितेश आणि अक्षता आले. थेंब घालायची वेळ झाली तेव्हा श्रुतिका हसत तिच्या अंगावर झेपावली. रत्नप्रभानं तिला अक्षताच्या मांडीवर निजवलं आणि थेंब सोडले. पोरगी क्षणभर थबकली, मग असं काही रडली की रत्नप्रभानं तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मॅडमनी वेळ घेतला. मग दोघांना समोर बसवून हळू आवाजात सांगितलं. पडद्यावर गाठ आहे, कॅन्सरची वाटते. डोळा बहुतेक काढावा लागेल. पण गाठ अजून डोळ्याच्या बाहेर गेलेली दिसत नाही; वेळेत काढली तर पोरगी वाचेल. लगेच परळच्या मोठ्या इस्पितळात जा, चिठ्ठी देते. अक्षता बाहेर येऊन बाकावर बसली. रत्नप्रभानं तिच्यापुढं पाण्याचा ग्लास धरला. तिनं तो घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. श्रुतिका वाचली. काही महिन्यांनी खोटा डोळा बसवला, इतका बेमालूम की नवख्याला कळूही नये. पण इमारतीत जयंतीकाकींचं म्हणणं एकच: "तिना बोट दाखवल्यान आणि डोळो गेलो." कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त लिफ्टमध्ये बायका पोरांना पदराआड घेऊ लागल्या. तळमजल्यावरच्या बारशाचं बोलावणं सगळ्या मजल्यांवर गेलं, तिच्याकडे आलं नाही. श्रुतिकाच्या दुसऱ्या वाढदिवसाची गाणी तिनं भिंतीला पाठ लावून ऐकली.

पण गाठ दुसऱ्या डोळ्यातही येऊ शकते, म्हणून चांगला डोळा तपासत राहावा लागतो. परळची तपासणी वेगळी. शिवाय दर तीन महिन्यांनी अक्षता श्रुतिकाला घेऊन मॅडमकडे येई. जोगेश्वरीच्या जिन्यात मान खाली घालून जाणारी अक्षता इथं आली की दुसरीच होई. "रत्नाताई, थेंब तुम्हीच घाला. दुसऱ्या कोणाला देऊ नका." मग बाहुली मोठी होईपर्यंतचा पाऊण तास बाकावर बसून ती सगळं सांगे: पोरगी काय खाते, काय बोलते, नितेशला मूळव्याधीचा कसा त्रास आहे. एकदा म्हणाली, "घरी बोलता येत नाही हो. सासूबाई..." रत्नप्रभा म्हणाली, "माहितीये गं." श्रुतिका थेंबांना रडायची, पण निम्म्या वेळात रडं विसरून तिच्या मांडीवर चढायची.

आता श्रुतिका पावणेचार वर्षांची आहे. परवाच्या तपासणीनंतर मॅडम खुशीत खोलीबाहेर आल्या. "एकदम छान आहे. परळहूनही तसंच लिहून आलंय. आता दर तीन महिन्यांनी यायची गरज नाही. सहा महिन्यांनी आणा."

अक्षतानं डोळे पुसले. तिनं रत्नप्रभाचा हात घट्ट दाबला, तोही भरल्या दवाखान्यात, चार लोकांदेखत. रत्नप्रभालाही मनापासून आनंद झाला. सहा महिने म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या दवाखान्यात कोणाला कळणार? ती काउंटरवर गेली, श्रुतिकाचं कार्ड पुढं ओढलं आणि पुढची तारीख बघायला कॅलेंडरची पानं उलटू लागली. एक, दोन, तीन. तिथं तिचं बोट नेहमीच्या सवयीनं थांबलं. मग तिनं आणखी तीन पानं उलटली.